टीपॅक प्रश्नावली नक्की काय मोजते?



पेट पास झालात, गाईड मिळाले, आता विषय ठरवायचाय. तुम्ही शिक्षणशास्त्राचे असाल तर 'बी.एड. प्रशिक्षणार्थींच्या टीपॅकचा अभ्यास' हे किंवा याच्या आसपासचं शीर्षक एव्हाना कुणीतरी सुचवलं असेल. विषय सोयीचा आहे. नमुना हाताशी असतो, कारण शेजारच्याच बी.एड. कॉलेजात शंभरेक छात्राध्यापक असतात. साधन तयार मिळतं, फक्त भाषांतर करायचं. सांख्यिकीही ठरलेली: मध्यमान, प्रमाण विचलन, टी-मूल्य. शीर्षकात 'तंत्रज्ञान' हा शब्द असल्यामुळे विषय आजचा वाटतो. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर टाकला की आठवडाभरात प्रतिसाद जमा.

आजचा लेख या सोयीबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तपासता येईल: टीपॅक ही चौकट विचार करायला चांगली आहे. पण ती 'मोजायला' आपण जी स्व-अहवाल प्रश्नावली वापरतो, ती मुख्यतः छात्राध्यापकाचा आत्मविश्वास मोजते. प्रबंधात मात्र आपण त्याला 'ज्ञान' म्हणतो. हा शब्दाचा किरकोळ घोळ नाही. त्यामुळे निष्कर्ष चुकतात, शिफारशी चुकतात, आणि वर्गात धडपडणाऱ्या शिकाऊ शिक्षकाला जी मदत हवी असते ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता क्रमाने बघू.

चौकट आली कुठून?

सुरुवात ली शुलमन यांच्यापासून. नेटच्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिक्षक-शिक्षणाच्या ज्ञानाधाराच्या संदर्भात हे नाव आहेच, त्यामुळे नोट्समध्ये तुम्ही ते लिहिलेलं असेल. १९८६ साली 'एज्युकेशनल रिसर्चर'मध्ये छापलेल्या भाषणात शुलमन यांनी एक साधी तक्रार केली. अध्यापनावरच्या संशोधनात प्रश्न कसे विचारावेत, वेळ कसा वापरावा, शिस्त कशी ठेवावी या सगळ्याचा अभ्यास होतो, पण शिकवला जातोय तो आशय कुठे गेला? त्यांनी तिथे आशय-अध्यापन ज्ञान, म्हणजे पीसीके, ही कल्पना मांडली. एखादा घटक मुलांना का अवघड जातो, मुलं कोणत्या चुकीच्या समजुती घेऊन वर्गात येतात, त्या घटकासाठी कोणतं उदाहरण चालतं आणि कोणतं फसतं, हे ज्याला कळतं त्याच्याकडे पीसीके आहे. नुसता पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी. असून हे येत नाही, आणि नुसत्या अध्यापनपद्धती पाठ करूनही येत नाही.

महाराष्ट्रात बी.एड. केलेल्यांना हे परकं वाटायचं कारण नाही. 'आशययुक्त अध्यापन पद्धती' या नावाचा पेपर आपल्याकडच्या पिढ्यांनी दिलाय. आशय विश्लेषण करा, मग त्या आशयाला शोभेल अशी पद्धत निवडा, हे त्याचं सूत्र. शुलमनचा मुद्दा याच्या अगदी शेजारचा आहे.

या पीसीकेमध्ये तंत्रज्ञान मिळवलं पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी. दोघं तेव्हा अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत होते. (मिश्रा मूळचे भारतातले. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांचं पदव्युत्तर शिक्षण झालंय.) २००६ साली 'टीचर्स कॉलेज रेकॉर्ड'मध्ये त्यांचा लेख आला. तीन वर्तुळं: आशयज्ञान, अध्यापनशास्त्रीय ज्ञान, तंत्रज्ञानविषयक ज्ञान. वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे आणखी चार भाग तयार होतात. एकूण सात. मधोमध टीपॅक. सुरुवातीला नाव टीपीसीके होतं. ते बोलायला अवघड, म्हणून एक-दोन वर्षांतच मध्ये 'अँड'चा ए घालून टीपॅक झालं.

आकृती सगळ्यांना माहीत आहे. मूळ लेख वाचलेले कमी. तुम्ही तो वाचाच, कारण त्यात तीन गोष्टी आहेत ज्या आकृतीत दिसत नाहीत.

मूळ लेखात काय आहे?

पहिली गोष्ट. लेखाचा रोख तंत्रज्ञान वेगळं काढून शिकवण्याच्या विरोधात आहे. शिक्षकांना एका कार्यशाळेत सॉफ्टवेअर शिकवायचं आणि 'आता वर्गात वापरा' म्हणायचं, याने काही साधत नाही, असं मिश्रा आणि केलर म्हणतात. त्यांच्या पाच वर्षांच्या कामात शिक्षक आणि प्राध्यापक गटाने बसून खऱ्या अध्यापनाच्या अडचणीवर काहीतरी घडवत होते. ऑनलाइन अभ्यासक्रम आखायचा, तो आखताना आशय, पद्धत आणि साधन यांच्यात ओढाताण होते, आणि त्या ओढाताणीतून शिकायचं.

आता आपल्याकडे बघा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात 'आयसीटीचं चिकित्सक आकलन' हा व्यावसायिक क्षमता वाढवणारा एक वेगळा कोर्स आला. नावात 'चिकित्सक' आहे, हे चांगलंच. पण कोर्स वेगळा असल्यामुळे व्हायचं तेच होतं. पीपीटी कशी करायची, गूगल फॉर्म कसा बनवायचा, दीक्षावर कुठे काय सापडतं हे एका तासाला. विज्ञानाचं किंवा मराठीचं अध्यापन दुसऱ्या तासाला. आणि दोन्हींची गाठ पडते ती थेट आंतरवासितेत, वर्गासमोर. ती गाठ छात्राध्यापकाने एकट्यानेच मारायची.

दुसरी गोष्ट. मूळ लेखात 'तंत्रज्ञान' या शब्दात खडू-फळा आणि पुस्तकही येतात, आणि इंटरनेट किंवा डिजिटल व्हिडिओसुद्धा. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट. प्रत्येक शिक्षकाला, प्रत्येक विषयाला आणि शिकवण्याच्या प्रत्येक दृष्टिकोनाला चालेल असा एकच तांत्रिक तोडगा नसतो, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे टीपॅक हे कुठल्या तरी घटकाबद्दलचं, कुठल्या तरी वर्गातलं ज्ञान आहे. मग 'माझं टीपॅक किती?' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं हे मुळातच अडचणीचं होऊन बसतं.

प्रश्नावली आली, आणि सगळं सोपं झालं

२००९ साली डेनिस श्मिट आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ शिक्षकांसाठी टीपॅक प्रश्नावली प्रसिद्ध केली. सहलेखकांत मिश्रा आणि केलर स्वतः आहेत. आज जगभर वापरली जाते ती बहुतेक हीच, किंवा हिची लेकरं. मूळ अभ्यास उघडून बघितला तर तपशील असे: नमुना १२४ शिकाऊ शिक्षकांचा. सुरुवातीला ७५ विधानं, गाळून ४७ राहिली. पाचबिंदू श्रेणी, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत'. उपश्रेणींची अंतर्गत सुसंगतता ०.७५ ते ०.९२.

आकडे वाईट नाहीत. संशोधकांनी काही लपवलेलंही नाही. पण हे साधन आपण उचलताना चार प्रश्न विचारायला हवेत, आणि आपण बहुधा एकही विचारत नाही.

एक. नमुना लहान असल्यामुळे घटक विश्लेषण प्रत्येक उपश्रेणीसाठी स्वतंत्रपणे केलेलं आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. तंत्रज्ञानाची विधानं एकत्र घेतली आणि ती एकमेकांशी जुळतात का ते बघितलं. अध्यापनाची विधानं वेगळी घेतली, तीही जुळली. पण सगळी विधानं एकाच वेळी टाकली तर ती खरंच सात गटांत पडतील का, हे अशा विश्लेषणातून कळूच शकत नाही. सात पोत्यांत आधीच भरून ठेवलेलं धान्य प्रत्येक पोतं वेगवेगळं उघडून तपासलं, तर प्रत्येकात एकसारखं धान्य दिसेल. पण दोन पोत्यांत तेच धान्य आहे का, हे पोती शेजारी शेजारी ओतल्याशिवाय कळायचं नाही.

दोन. मूळ नमुन्यात बहुतेक जण प्राथमिक शिक्षक होणारे होते. ते गणित, सामाजिक शास्त्र, विज्ञान आणि भाषासाक्षरता हे चारही विषय शिकवणार, म्हणून विधानं चारही विषयांची आहेत. आपला बी.एड.चा छात्राध्यापक दोन अध्यापन पद्धती घेतो. मराठी-इतिहास घेतलेल्या विद्यार्थिनीने 'मी गणितात तंत्रज्ञान योग्य प्रकारे वापरू शकते' यावर काय खूण करायची? मग कुणी विधानं गाळतं, कुणी 'माझ्या विषयात' असं सरसकट करून टाकतं. दोन्ही चालेल, पण मग विश्वसनीयता आणि सप्रमाणता पुन्हा तपासावी लागते. मूळ लेखातली ०.९२ तुमच्या भाषांतराला आपोआप लागू होत नाही.

तीन. या प्रश्नावलीत आधीच सांगितलेलं असतं की तंत्रज्ञान म्हणजे डिजिटल तंत्रज्ञान. म्हणजे चौकटीत असलेला फळा मोजमापातून बाहेर पडला. चौकट एक सांगते, साधन दुसरंच मोजतं.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचा. विधानं 'मला येतं', 'मी करू शकते', 'मला माहीत आहे' अशा स्वरूपाची आहेत. ही माणसाची स्वतःबद्दलची समजूत झाली. पोहता येतं का असं विचारून काठावर बसलेल्या शंभर जणांची सरासरी काढली, तर त्याला 'जलतरण क्षमता' म्हणता येईल का?

वर्तुळं वेगळी आहेत का?

वरचा पहिला प्रश्न इतरांनी तपासलाय. लिआना आर्शंबो आणि जोशुआ बार्नेट यांनी अमेरिकेतल्या ५९६ ऑनलाइन शिक्षकांकडून २४ विधानांची प्रश्नावली भरून घेतली आणि सगळी विधानं एकत्र टाकून घटक विश्लेषण केलं. २०१० मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात सात घटक निघाले नाहीत. तीनच निघाले. आशय आणि अध्यापन एकमेकांपासून सुटे झालेच नाहीत. सुटं, स्पष्ट उठून दिसलं ते फक्त तंत्रज्ञानविषयक ज्ञान.

हे वाचून 'चला, टीपॅक खोटं' असं म्हणायची घाई करू नका. दोन अर्थ संभवतात. एक, शिक्षकाच्या डोक्यात हे प्रकार खरंच वेगळे नसतात. दोन, ते वेगळे असतील, पण विधानं वाचून माणूस त्यातला फरक करू शकत नाही. प्रश्नावलीवरून यातला कोणता अर्थ खरा ते ठरवता येत नाही. संशोधक म्हणून आपल्याला ही मर्यादा लिहिता आली पाहिजे.

व्याख्यांचंही तसंच. सूझन कॉक्स यांनी २००८ च्या आपल्या प्रबंधात या क्षेत्रातल्या व्याख्या गोळा केल्या, तर मधल्या भागाच्या, म्हणजे टीपॅकच्या, ८९ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या. चार्ल्स ग्रॅहम यांनी २०११ च्या लेखात यावर बोट ठेवलं: सीमारेषाच धूसर असतील तर मोजमाप पक्कं कसं होणार? सिनॉप्सिसमध्ये 'कार्यात्मक व्याख्या' या मथळ्याखाली आपण दोन ओळी लिहून मोकळे होतो. त्या दोन ओळी या ८९ पैकी कुठे बसतात, हा प्रश्न सल्लागार समितीत कुणी विचारला तर उत्तर तयार ठेवा.

आणखी एक वाद. सायप्रसचे अँजेली आणि वालानिदेस यांचं २००९ मधलं म्हणणं असं की टीपॅक ही सुट्या भागांची बेरीज नाही. ते स्वतंत्र प्रकारचं ज्ञान आहे, आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान वाढवलं म्हणून टीपॅक आपोआप वाढत नाही. हे खरं असेल तर सातही उपश्रेणींचे गुण मिळवून 'एकूण टीपॅक' काढायची आपली सवय कशाच्या आधारावर उभी आहे?

तीन पाठ

एवढं सगळं कोरडं वाटत असेल तर एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण यातलं काहीही तुम्हाला सराव पाठांत भेटेल.

तीन छात्राध्यापिका, एकच घटक: साधा विद्युत परिपथ. या घटकात मुलांची एक पक्की समजूत असते. बल्ब धारा 'खाऊन टाकतो', म्हणजे बल्बच्या आधी धारा जास्त आणि बल्बच्या पुढे कमी. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी आणि इतर देशांतल्या अनेकांनी ही समजूत नोंदवली आहे. पटत नसेल तर घरातल्या एखाद्या आठवी-नववीच्या मुलाला विचारा.

पहिली पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करते, दीक्षावरचा व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावते, मग पीपीटी, शेवटी मोबाइलवर क्विझ. आवाज स्वच्छ, मुलं खूश. निरीक्षण तक्त्यात 'शैक्षणिक साधनांचा वापर' या रकान्यात पैकीच्या पैकी. व्हिडिओत व्याख्या आल्या, आकृती आली. 'बल्ब धारा खातो' ही समजूत जशी होती तशी घरी गेली.

दुसरी कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातलं परिपथाचं सिम्युलेशन उघडते. पण सुरू करण्याआधी वहीत अंदाज लिहायला लावते: बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे धारा मोजली तर कुठे जास्त येईल? मग दोन्हीकडे मापक लावून दाखवते. आकडा सारखाच. वर्गात गडबड उडते. त्यानंतर ती आणखी एक गोष्ट सांगते: पडद्यावर धावणारे हे निळे गोळे खऱ्या इलेक्ट्रॉनसारखे नाहीत, तारेत इलेक्ट्रॉन पुढे सरकतात ते अगदी हळू, सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. साधन काय दाखवतं आणि कुठे फसवतं, हे तिला माहीत आहे.

तिसरी सिम्युलेशन बघून येते, आणि वापरत नाही. त्या शाळेत दुपारी वीज जाते, आणि प्रयोगशाळेत दोन ॲमीटर आहेत. ती सेल, बल्ब आणि ॲमीटर घेऊन तोच अंदाजाचा प्रश्न विचारते.

आता तिघींना प्रश्नावली द्या. पहिली 'पूर्ण सहमत'वर खुणा करत जाईल, कारण तिचा पाठ छान झालाय आणि सगळे तसं म्हणालेत. दुसरी 'सहमत'वर थांबेल, कारण साधनाची मर्यादा तिला कळली आहे. तिसरीने तर तंत्रज्ञान वापरलंच नाही. प्रश्नावलीच्या व्याख्येत ॲमीटर आणि फळा बसत नाहीत. असा क्रम लागेलच असं मी म्हणत नाही. पण लागला तर तो उलटा आहे, हे ओळखायचा कुठलाही मार्ग प्रश्नावलीकडे नाही.

आणि तिसरीचा निर्णय आपोआप बरोबर, असंही समजू नका. नोआह फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, परिपथाच्या सिम्युलेशनवर काम केलेल्या गटाने खरी उपकरणं हाताळलेल्या गटापेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस कामगिरी केली. पुढे खरे परिपथ जोडण्यातही ते मागे पडले नाहीत, उलट सरस ठरले. म्हणजे 'खरी वस्तू केव्हाही बरी' हे आपलं लाडकं वाक्यही तपासून घ्यावं लागतं. तिसरीने काय निवडलं यापेक्षा का निवडलं, हे विचारल्याशिवाय तिच्या ज्ञानाबद्दल काहीच कळत नाही. टीपॅक जर कुठे दिसत असेल तर त्या 'का'मध्ये दिसतं.

पूर्वचाचणी-उत्तरचाचणी करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. स्व-मूल्यांकनात कोर्सआधीची आणि कोर्सनंतरची मोजपट्टी सारखी राहत नाही. आधी वाटतं 'मला येतं'; शिकल्यावर कळतं की येण्यासारखं केवढं आहे, आणि गुण खाली येतात किंवा तेवढेच राहतात. जॉर्ज हॉवर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी हे दाखवलं आणि त्याला 'प्रतिसाद-बदल' असं नाव दिलं. तेव्हा तुमच्या प्रयोगात फरक सार्थक आला नाही, तर कोर्स वाया गेला असं लगेच लिहू नका. आणि सार्थक आला, तर ज्ञान वाढलं असंही लगेच लिहू नका.

यात बिघडतं कुणाचं?

'प्रशिक्षणार्थींचे टीपॅक उच्च पातळीचे आढळले' असा निष्कर्ष शंभर प्रबंधांत आला, की त्याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो: कोर्स ठीक चाललाय, बदल नको. मग छात्राध्यापिकेला कुणी विचारत नाही की शाळेत नेट होतं का, मार्गदर्शक शिक्षकांनी मोबाइल वर्गात नेऊ दिला का, स्वतःचा डेटा किती खर्च झाला, ऑनलाइन सापडलेल्या दहा व्हिडिओंतून एक कसा निवडला, निवडलेला व्हिडिओ मराठीतल्या परिभाषेशी जुळत होता का. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेतल्या कामाला किमान वीस आठवडे दिलेले आहेत. खरं शिकणं तिथे घडतं. आणि नेमका तोच भाग गूगल फॉर्ममध्ये येत नाही.

मिश्रा यांनाही हे जाणवलं असावं. आकृतीभोवतीच्या 'संदर्भ' या तुटक वर्तुळाला २०१९ मध्ये त्यांनी 'संदर्भज्ञान' असं नाव दिलं. म्हणजे शाळा, साधनं, नियम, धोरण यांची जाण हेही शिक्षकाचं ज्ञानच. वरच्या तिसऱ्या छात्राध्यापिकेकडे ते होतं.

मग करायचं काय?

विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. विषय महत्त्वाचा आहे. फक्त हे करून बघा.

१. जे मोजणार तेच शीर्षकात लिहा. प्रश्नावलीच वापरणार असाल तर 'स्व-मूल्यांकित टीपॅक' किंवा 'तंत्रज्ञान वापराबाबतची स्व-कार्यक्षमता' म्हणा. आत्मविश्वास हाही अभ्यासाचा चांगला विषय आहे. बंडुरा यांनी १९७७ पासून त्यावर उभी केलेली परंपरा तुमच्या मागे उभी राहील. मोठ्या नमुन्यात कुणाला कुठे धाकधूक वाटते, हे शोधायला प्रश्नावलीइतकं सोयीचं दुसरं साधन नाही.

२. एक विषय आणि एक-दोन घटक धरा. 'विज्ञान' नको, 'विद्युत परिपथ' घ्या. 'मराठी' नको, 'कवितेचं रसग्रहण' घ्या. घटक ठरला की मुलांच्या समजुती आणि अडचणी ठरतात, आणि साधन त्यांना भिडतं की नाही हे तपासता येतं.

३. पाठ टाचण, पाठ निरीक्षण आणि पाठानंतरची मुलाखत ही तीन साधनं एकत्र वापरा. पाठ टाचणासाठी हॅरिस, ग्रँडजेनेट आणि हॉफर यांची २०१० ची गुणांकन कसोटी उपलब्ध आहे, ती आधाराला घ्या. मुलाखतीत दोन प्रश्न ठेवाच: 'हे साधन का निवडलं?' आणि 'कोणतं साधन बघून सोडून दिलं, आणि का?' दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा जास्त सापडेल.

४. संदर्भाची नोंद प्रत्येक पाठाला करा. वीज, नेट, पडदा, विद्यार्थिसंख्या, परवानगी. ही नोंद परिशिष्टात टाकू नका, विश्लेषणात घ्या.

५. प्रश्नावली आणि प्रत्यक्ष पाठ दोन्ही घेतलेत तर दोन्हींचा मेळ बसतो का ते बघा. न बसणं हाही निष्कर्ष आहे, आणि छापण्यासारखा आहे.

आता तुमच्या मनातली शंका. 'एवढा लहान नमुना समितीला चालेल का?' हिशोब मांडून दाखवा. बारा छात्राध्यापक, प्रत्येकाचे तीन पाठ, म्हणजे छत्तीस पाठ. प्रत्येकाचं टाचण, निरीक्षण आणि मुलाखत, म्हणजे १०८ नोंदी. त्यातल्या काही पाठांचं गुणांकन दुसऱ्या निरीक्षकाकडून करून घ्या आणि दोघांचं किती जुळलं ते द्या. हे काम दोनशे फॉर्म गोळा करण्यापेक्षा कष्टाचं आहे, वेळ जास्त खातं, आंतरवासितेच्या वेळापत्रकाशी झगडावं लागतं. गाईडना हे आधीच सांगा. पण तोंडी परीक्षेत 'तुम्ही ज्ञान मोजलंत कशावरून?' असा प्रश्न आला, तर तुमच्याकडे दाखवायला छत्तीस पाठ असतील.

शेवटी एक छोटा गृहपाठ. तुमच्या विषयावरचे कोणतेही पाच प्रबंध शोधगंगेवर उघडा. निष्कर्षाच्या प्रकरणात 'ज्ञान' हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे पेन्सिलीने 'स्वतःला वाटणारं ज्ञान' असं घालून वाक्य पुन्हा वाचा. ज्या वाक्यांचा अर्थ बदलत नाही, ती टिकली. जी कोसळतात, तिथे तुमच्या संशोधनाला जागा आहे.